मंडळी, श्रद्धा आणि बरं होणं : ब्रिटनचा सव्वादोनशे वर्षांचा अनुभव

१८८३ साली ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावी, सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या मठात दोन मराठी बायका राहायला आल्या. एक पंडिता रमाबाई, सोबत दोन वर्षांची मनोरमा. दुसऱ्या त्यांच्या सोबतीण आनंदीबाई भगत. वर्ष संपायच्या आत रमाबाईंनी वाँटेजमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आनंदीबाईंनी वाँटेजमध्येच स्वतःचा जीव दिला. आपल्याला बळजबरीनं ख्रिस्ती करतील या भीतीनं आनंदीबाईंना पछाडलं होतं, असं मॅक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. तशी बळजबरी कुणी केल्याचं दिसत नाही. पण भीती खरी होती, आणि त्या घरातल्या मायाळू बायकांना ती वेळेत कळली नाही.

ख्रिस्ती मंडळीत येऊन माणसाला श्रद्धा गवसते का, तो बरा होतो का, हा प्रश्न तपासताना ही दोन नावं शेजारी शेजारी ठेवावीत असं मला वाटतं. आपल्याकडे हा विषय निघाला की बोलणं थेट धर्मांतरावर जातं आणि तिथंच अडकतं. एक बाजू सेवेची यादी वाचते, दुसरी आमिषाची. ब्रिटनचा अनुभव यापलीकडचं काही सांगतो, कारण तिथं बरं करणारे आणि बरे होणारे बहुतेक एकाच धर्मात जन्मलेले. तिथं भांडण धर्म बदलण्याचं कमी आणि माणसाच्या मनावर दुसऱ्याचा ताबा किती असावा याचं जास्त राहिलं. गेल्या सव्वादोनशे वर्षांतले हे प्रयोग पाहताना माझं मत असं होत गेलं, की जिथं आलेल्या माणसाचं स्वातंत्र्य शाबूत राहिलं तिथं तो सावरला, आणि जिथं बरं होण्याच्या बदल्यात त्याचं मन मागितलं गेलं तिथं त्याच मंडळीनं त्याला आणखी मोडलं.

सुरुवात यॉर्क शहरातून करायला हवी. १७९० च्या मार्चमध्ये लीड्सची हॅना मिल्स नावाची एक विधवा यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. ती क्वेकर पंथाची होती. नातलग लांब, म्हणून त्यांनी यॉर्कमधल्या क्वेकर मंडळीला तिची विचारपूस करायला सांगितलं. मंडळीतली माणसं गेली, पण इस्पितळानं त्यांना भेटू दिलं नाही. एप्रिल संपायच्या आत हॅना आतल्या आत मरण पावली. तिचं काय झालं, तिला कसं ठेवलं होतं, हे बाहेर कुणालाच कळलं नाही. विल्यम ट्यूक नावाच्या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याला ही गोष्ट लागून राहिली. क्वेकरांकडून वर्गणी गोळा करून त्यानं १७९६ मध्ये गावाबाहेर एक घर उघडलं. त्याला नाव दिलं 'रिट्रीट'.

त्या काळात वेड लागलेल्या माणसाला साखळीनं बांधणं, उपाशी ठेवणं, रक्त काढणं हा सर्रास उपचार होता. रिट्रीटमध्ये साखळ्या नव्हत्या, मारहाण नव्हती. बाग होती, शेतीचं काम होतं, आवारात ससे आणि कोंबड्या होत्या, कारण मुक्या प्राण्याची काळजी घेताना माणूस निवळतो असा चालकांचा अनुभव होता. विल्यमचा नातू सॅम्युअल ट्यूक यानं १८१३ मध्ये या घराचं सविस्तर वर्णन छापलं. त्यातली चहाची हकिगत मला फार महत्त्वाची वाटते. घराची व्यवस्थापिका अधूनमधून रोगी बायकांना चहाला बोलवी. त्या आपले ठेवणीतले कपडे घालून येत, एकमेकींशी अदबीनं वागत, आणि संध्याकाळ सहसा विनातक्रार पार पडे. ज्यांना बाहेरच्या जगानं जनावरात जमा केलं होतं, त्यांना इथं रीतसर आमंत्रण जात होतं. क्वेकरांची श्रद्धा अशी, की प्रत्येक माणसात ईश्वराचा प्रकाश असतो आणि वेडानं तो विझत नाही. ती श्रद्धा या घरात कुणी प्रवचनातून सांगत नव्हतं. चहाच्या आमंत्रणातून ती आपोआप पोचत होती.

फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी या रिट्रीटवर जळजळीत टीका केली. त्यांचं म्हणणं असं, की ट्यूकनं पायातली बेडी काढून मनात घातली. रोग्याला सतत चांगलं वागण्याच्या धाकात ठेवलं, स्वतःवरच पहारा करायला लावलं. टीका अगदीच निराधार नाही. चांगलं वागलास तर चहा, नाही तर नाही, यात धाक आहेच. पण साखळी आणि धाक यांना एकाच तागडीत तोलणं मला पटत नाही. हॅना मिल्सला दोन्हींतलं काय हवं होतं हे विचारायला गेलेल्या माणसांना तर दारातूनच परत पाठवलं होतं. शिवाय या घराचा परिणाम त्याच्या भिंतींपलीकडे गेला. पुढल्या काही वर्षांत यॉर्कच्या जुन्या इस्पितळातली घाण उघडकीस आली, १८१५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांची चौकशी करायला संसदेची समिती बसली, आणि रिट्रीटचा दाखला तिथं पुन्हा पुन्हा दिला गेला.

आता वाँटेज. रमाबाई तिथं पोचल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या आणि एवढ्या वयात त्यांनी जवळपास सगळी माणसं गमावली होती. १८७४ च्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेली. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला. नवरा बिपिनबिहारी मेधावी लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं गेला. त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला निघाल्या होत्या, तर कानानं साथ दिली नाही. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडून द्यावा लागला. त्यात सोबतिणीची आत्महत्या. तिच्या मृत्यूनंतर काही काळ रमाबाईंना रात्री खोलीत एकटं झोपू देत नसत.

या बाईला श्रद्धेकडे कशानं खेचलं? रमाबाईंनी स्वतः १९०७ च्या आपल्या साक्षीत ते सांगितलं आहे. चमत्कारानं नाही, वादविवादानंही पुरतं नाही. ख्रिस्ती झालेल्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणानं त्यांचे बौद्धिक प्रश्न बरेच सुटले होते. पण मन हललं ते लंडनच्या फुलहॅम भागात. मठातल्या भगिनींनी त्यांना तिथल्या आपल्या आश्रमात पाठवलं. समाजानं 'पतित' ठरवलेल्या बायका तिथं राहत होत्या. त्यांना जवळ करणाऱ्या, त्यांच्या दुखण्यात उशाशी बसणाऱ्या चांगल्या घरातल्या बायका रमाबाईंनी पाहिल्या, आणि बरं होऊन दुसऱ्यांची शुश्रूषा करायला लागलेल्या बायकाही पाहिल्या. धर्मशास्त्रं मुखोद्गत असलेल्या या पंडितेनं पतित बाईबद्दल असा विचार कुठंच वाचला नव्हता. हे कशामुळे, असं विचारल्यावर एका भगिनीनं तिला येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

बहुतेक चरित्रं इथं सुस्कारा टाकून पुढच्या प्रकरणाकडे वळतात. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांनी जपून ठेवलेला पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचताना दोन्ही बाजूंबद्दल जीव कळवळतो. रमाबाई शाकाहारी होत्या. अंडं घातलेलं पुडिंगही खात नसत. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसे. क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्येच कशाला हवा, माझ्या देशाच्या भाषेत का नको, असं रमाबाई विचारत. त्रैक्याची शिकवण त्यांना पटत नव्हती आणि पटत नाही हे त्या लपवत नव्हत्या. पुढे त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या तेव्हा त्यांनी पुरुषांना शिकवावं का, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नापसंती कळवली. रमाबाईंनी निक्षून उत्तर दिलं की मला माझी स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी त्यांची बाजू समजून घेतली. रमाबाईंच्या शंका म्हणजे बंडखोरी नाही, त्यातून वाट काढायला त्यांना वेळ द्या, असा त्यांचा सूर होता.

एकाच चर्चमधल्या या दोन बायका. जेराल्डीनबाईंची माया कमी नव्हती, कदाचित जास्तच होती. पण माया केलेल्या माणसानं आपल्याच साच्यात बसावं असं त्यांना वाटे. बीलबाईंनी तो हट्ट धरला नाही. रमाबाई सावरल्या त्या या दोघींच्या मधल्या जागेत, भांडत, प्रश्न विचारत, पत्रं लिहीत. आणि बाप्तिस्मा झाला म्हणजे श्रद्धा पुरी झाली असंही नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला त्यानंतर सुमारे आठ वर्षं लागली, असं त्या स्वतः म्हणतात. ज्यांना मंडळीत पाऊल टाकल्याबरोबर सगळं लख्ख दिसायला हवं असतं, त्यांनी या आठ वर्षांचा विचार करावा.

धर्मांतराचा प्रश्न रमाबाईंनाही उलट बाजूनं भेटला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. धर्माबाबत तटस्थ राहण्याचं वचन होतं. पण रमाबाई प्रार्थना करत त्या खोलीचं दार उघडं असे, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. ज्या बाईनं वाँटेजमध्ये आपल्या मनाचं स्वातंत्र्य एवढ्या ताठ मानेनं जपलं, तिच्यावर आश्रित मुलींच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आला. मुली स्वतःहून येत, हे खरं मानलं तरी जिच्या घरात आपण जेवतो, झोपतो तिच्या प्रार्थनेला बसायची ओढ वेगळी असते. रमाबाईंबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे, तरीही पालकांची शंका मला नुसता सनातनीपणा वाटत नाही.

विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये या प्रश्नाला शरीराच्या दुखण्याचं वळण लागलं. १९०४ मध्ये पर्सी डिअरमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'गिल्ड ऑफ हेल्थ' स्थापन केली. डोरोथी केरिन नावाची लंडनची मुलगी कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. १९१२ च्या फेब्रुवारीत, मरणाच्या दारात असताना ती एकाएकी उठून चालू लागली आणि वर्तमानपत्रांत तिचा गाजावाजा झाला. या घटनेचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा. मला तिनं त्यानंतर काय केलं हे जास्त मोलाचं वाटतं. तिनं चमत्कारांच्या सभा भरवल्या नाहीत. १९४८ मध्ये केंट परगण्याच्या सीमेवर बर्झवूड नावाचं घर काढलं, तिथं डॉक्टर आणि परिचारिका होत्या, औषधं होती, आणि शेजारी प्रार्थनामंदिर होतं. औषध थांबवून प्रार्थना करा असं तिथं सांगत नसत. इंग्लंडच्या चर्चनं १९५३ मध्ये नेमलेल्या आयोगानंही १९५८ च्या अहवालात वैद्यकाशी सहकार्याचाच आग्रह धरला.

ही मर्यादा ज्यांनी पाळली नाही त्यांचीही नोंद घ्यायला हवी. लंडनमध्ये पाळकांच्या सांगण्यावरून एचआयव्हीची औषधं सोडलेल्या रोग्यांच्या मृत्यूंची बातमी बीबीसीनं २०११ मध्ये दिली. २०१२ मध्ये बाथ शहरातल्या एका ख्रिस्ती गटाला जाहिरात नियामक मंडळानं बजावलं, की देव अमुक अमुक रोग बरे करतो असं पत्रकात छापू नका. या निर्णयावर धर्मस्वातंत्र्याच्या नावानं बराच आरडाओरडा झाला. मी मंडळाच्या बाजूचा आहे. रस्त्यात कुणासाठी प्रार्थना करायला त्या गटाला कुणी मनाई केली नव्हती. हवालदिल झालेल्या माणसाच्या हातात रोगांची यादी देणं ही मात्र प्रार्थना नव्हे.

विज्ञान काय म्हणतं? दोन अभ्यास वारंवार पुढे येतात, दोन्ही अमेरिकेतले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रोग्यांचे गट केले होते. काहींसाठी अनोळखी लोकांनी दुरून प्रार्थना केली. त्याचा फायदा दिसला नाही. उलट आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच आढळली. दुसरा अभ्यास २०१६ चा, ७४,५३४ परिचारिकांचा. त्यात आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्या बायकांचं सोळा वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होतं. मुळात धडधाकट बाईच देवळात जाऊ शकते हा आक्षेप संशोधकांनी जमेला धरला होता, तरी असा अभ्यास कार्यकारण पक्कं सिद्ध करत नाही. पण दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले तर एक गोष्ट लक्षात येते. अनोळखी माणसानं दुरून केलेली प्रार्थना मोजमापात उतरली नाही. दर आठवड्याला तीच माणसं भेटणं, न आल्यास कुणीतरी चौकशी करणं, हे उतरलं.

हे काही लोकांनी आकड्यांच्या आधीच ओळखलं होतं. जॉर्ज मॅक्लाऊड हे ग्लासगोच्या गोवन या जहाजबांधणीच्या वस्तीतले पाळक. मंदीत हजारो हात रिकामे होते. १९३८ मध्ये त्यांनी बेकार कारागीर आणि शिकाऊ पाळक यांना घेऊन स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आयोना बेट गाठलं आणि तिथल्या मध्ययुगीन मठाच्या पडक्या इमारती बांधायला घेतल्या. काम १९६५ पर्यंत चाललं. उपदेश करणारा आणि गवंडीकाम करणारा यांनी एकत्र दगड उचलायचे, ही तिथली शिस्त. आयोनाच्या मठात आजही आरोग्यासाठी उपासना होते. तिथं वर उभा एखादा सिद्धपुरुष नसतो. ज्याला प्रार्थना हवी तो पुढे येऊन गुडघे टेकतो, आणि बाकीचे, त्यात नुकतीच स्वतःसाठी प्रार्थना करून घेतलेली माणसंही, त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. कोण बरं करणारा आणि कोण बरा होणारा हा भेदच तिथं टिकत नाही.

चॅड व्हारा यांची गोष्ट याहून साधी. ते लिंकनमध्ये तरुण धर्मगुरू असताना १९३५ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीचं दफन त्यांच्या हातून झालं. तिला पाळी आली होती. तो गुप्तरोग आहे असं समजून तिनं जीव दिला होता, कारण विचारायला तिला कुणी नव्हतं. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये, लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चचे प्रमुख झाल्यावर, त्यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी तिथं एक टेलिफोन सुरू केला. लोक भेटायलाही येऊ लागले. व्हारा आत एकेकाशी बोलत आणि बाहेर रांग लागे. रांगेतल्या माणसांना चहा करून द्यायला, जरा बोलत बसायला मंडळीतले काही साधे लोक येत. थोड्याच दिवसांत व्हारांच्या ध्यानात आलं, की पुष्कळ माणसं बाहेरच मोकळी होतात आणि आत न येताच घरी जातात. तज्ज्ञ धर्मगुरूपेक्षा चहा देणारा श्रोता जास्त उपयोगी ठरत होता. मग काम त्या स्वयंसेवकांच्याच हाती आलं. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली. तिचा एक कडक नियम असा, की फोन करणाऱ्याला धर्म सांगायचा नाही. एका पाळकानं चर्चच्या इमारतीत सुरू केलेल्या कामात हा नियम असणं मला त्याच्या श्रद्धेची खूण वाटते.

सिसिली साँडर्स यांना हाच निर्णय जड गेला. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग मरणासन्न रोग्यांच्या वेदनांवर काम करता यावं म्हणून १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. १९४५ मध्ये त्यांना ख्रिस्तावर उत्कट श्रद्धा बसली होती. तीन वर्षांनी वॉर्सॉहून आलेला डेव्हिड तास्मा नावाचा ज्यू निर्वासित त्यांच्या देखरेखीखाली कर्करोगानं गेला. त्यानं त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले, तू बांधशील त्या घराची मी एक खिडकी होईन असं सांगून. पुढे हॅक्नीच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये आयरिश भगिनींसोबत काम करताना, दुखणं उफाळायची वाट न पाहता ठरावीक वेळी मॉर्फिन देण्याची पद्धत त्यांनी तपासून पक्की केली. १९६७ मध्ये लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं. ते उघडण्याआधी बरीच वर्षं मित्रांशी त्यांची चर्चा चालली होती, की हे घर म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती लोकांचा संघ असावा की वैद्यकीय संस्था. शेवटी ठरलं ते असं, की पाया ख्रिस्ती राहील पण काम करायला आणि मरायला येणाऱ्या कुणालाही श्रद्धा विचारली जाणार नाही. आज जगभर चालणाऱ्या हॉस्पिसांची वाट इथूनच निघाली. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन निघालं ते याच वाटेवरचं. शारीरिक अर्थानं सेंट ख्रिस्तोफरमध्ये कुणी बरं होत नव्हतं, आणि तरीही या सगळ्या आढाव्यात बरं करणं म्हणजे काय हे तिथं सर्वात नीट कळतं. वेदना शरीराची, मनाची, घरच्यांच्या काळजीची आणि जगण्याच्या अर्थाची मिळून एकच असते, असं साँडर्स शिकवत.

एका मंडळीची गोष्ट वेगळ्या कारणानं सांगायला हवी. १९४८ पासून जमैका आणि इतर कॅरिबियन बेटांवरून हजारो लोक ब्रिटनला कामासाठी आले. त्यांतले बरेच जन्मापासून अँग्लिकन. पहिल्याच रविवारी चर्चला गेले, तर दारात हात मिळवून 'पुन्हा येऊ नका' असं सांगितलं गेल्याच्या आठवणी त्या पिढीतल्या कितीतरी जणांकडे आहेत. मग त्यांनी घरांच्या दिवाणखान्यात, भाड्याच्या खोल्यांत स्वतःच्या उपासना सुरू केल्या. न्यू टेस्टामेंट चर्च ऑफ गॉड १९५३ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला असंच सुरू झालं. आठवडाभर कारखान्यात, बसमध्ये, वॉर्डात अपमान गिळणारा माणूस रविवारी तिथं 'ब्रदर' आणि 'सिस्टर' होता. याच लोकांची 'पार्डनर' म्हणजे आपली भिशीच. बँक कर्ज देईना तेव्हा त्या पैशांतून घरं उभी राहिली. इंग्लंडच्या चर्चनं या वागणुकीबद्दल माफी मागितली ती २०२० च्या फेब्रुवारीत. तोवर त्या पहिल्या पिढीतले पुष्कळ जण गेले होते.

आता दुसरी बाजू. शेफील्डला १९८६ मध्ये 'नाइन ओक्लॉक सर्व्हिस' नावाची उपासना सुरू झाली. चर्चकडे पाठ फिरवलेली तरुण मुलं तिथं संगीत आणि दिव्यांच्या झगमगाटात शेकड्यांनी येत. चर्चच्या वरिष्ठांनी तिचं कौतुक केलं, नेते ख्रिस ब्रेन यांना दीक्षाही घाईनं दिली. १९९५ मध्ये सगळं कोसळलं, कारण तिथल्या बायकांनी तोंड उघडलं. 'बरं करण्याच्या' नावाखाली त्यांचं लैंगिक शोषण होत होतं. ब्रेन यांना न्यायालयानं दोषी ठरवलं २०२५ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांबरोबर एकत्र राहणाऱ्या 'लार्श' या चळवळीचं ब्रिटनमधलं पहिलं घर १९७४ मध्ये केंटमध्ये निघालं, आणि त्या घरांनी खरोखर चांगलं काम केलं आहे. पण संस्थापक जाँ व्हानिए यांच्या मृत्यूनंतर, २०२० आणि २०२३ मध्ये, लार्शनंच नेमलेल्या चौकशीतून उघड झालं, की त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली किमान २५ बायकांना आपल्या वासनेत ओढलं होतं. मला यात लार्शचं एक मानावंसं वाटतं. अहवाल त्यांनी दडपले नाहीत, आपल्या संस्थापकाविरुद्ध स्वतः छापले.

चर्च ऑफ इंग्लंडला हे जमलं नाही. जॉन स्माइथ हा वकील ख्रिस्ती उन्हाळी शिबिरांत येणाऱ्या मुलांना पापमुक्तीच्या नावाखाली रक्त येईपर्यंत फटके मारत असे. १९८० च्या दशकातच काहींना हे ठाऊक झालं होतं. या प्रकरणाच्या चौकशीचा मेकिन अहवाल प्रसिद्ध व्हायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला आणि त्यानंतर काही दिवसांतच कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. त्याआधी २०२० च्या सरकारी चौकशीत नोंदवलं गेलं, की १९४० च्या दशकापासून २०१८ पर्यंत या चर्चशी निगडित विश्वासाच्या जागांवरच्या ३९० जणांना बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली. यातल्या अनेक मुलांना त्यांच्या घरच्यांनी चर्चमध्ये पाठवलं ते सुरक्षित राहावीत म्हणून.

हे काही वाईट माणसांचं काम, बाकी मंडळी चांगली, असं म्हणून सुटका होत नाही. जिथं एका माणसाकडे माफी, बरं करणं आणि देवाशी नातं या तिन्हींच्या किल्ल्या असतात, आणि बाहेरच्यानं विचारणं म्हणजे श्रद्धेवर संशय घेणं मानलं जातं, तिथं असं घडायला फार वाईट माणूस लागत नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची वाढ ख्रिस्ती गटातूनच झाली, ब्रिटनमध्ये ती १९४७ ला आली, आणि तिच्या सभा आजही चर्चच्या दालनांत भरतात. तिनं सुरुवातीपासून गुरू ठेवला नाही. व्यसनातून उठलेला दुसऱ्या व्यसनीजवळ बसतो, एवढंच. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये ज्यांनी ही पद्धत पाहिली आहे त्यांना ती ओळखीची वाटेल.

आता ब्रिटनमध्ये ही घरं भराभर कमी होत आहेत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रथमच निम्म्याखाली, ४६.२ टक्क्यांवर आले. दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ टक्के होते. बर्झवूड २०१९ मध्ये पैशाअभावी बंद पडलं. यॉर्कच्या रिट्रीटनं त्याआधीच रोगी ठेवून घेणं थांबवलं होतं. त्याच वेळी, २०१८ मध्ये, सरकारला एकटेपणाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवावी लागली. चर्च रिकामं झालं म्हणून एकटेपणा वाढला असं सोपं समीकरण मी मांडणार नाही. पण दर आठवड्याला चौकशी करणारी माणसं जिथं विनाखर्च मिळत होती अशा जागा गेल्या, आणि त्यांच्या जागी दुसरं काही तितक्या प्रमाणात आलं नाही, हे दिसतं.

उरलेल्या मंडळ्यांवर कुणी पुन्हा विश्वास टाकायचा असेल, तर श्रद्धेच्या ताजेपणापेक्षा तपासणीचा प्रश्न आधी येतो. शोषण सोसलेल्यांपैकी कित्येकांची मागणी साधी होती : तक्रारींचा तपास पूर्णपणे चर्चच्या बाहेरच्या, स्वतंत्र संस्थेकडे द्या. २०२५ च्या फेब्रुवारीत चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडनं यावर मतदान केलं. राष्ट्रीय पातळीवरचे कर्मचारी बाहेरच्या संस्थेकडे सोपवायचं ठरलं. पण धर्मप्रांत आणि कॅथीड्रल यांच्या पातळीवर, जिथं तक्रारदार आधी जातो, तिथले अधिकारी पूर्ण स्वतंत्र करण्याचं आणखी विचारासाठी पुढे ढकललं. अशी घाई नको म्हणणाऱ्यांनी कायदेशीर अडचणी सांगितल्या. त्या असतीलही. पण ज्यानं आपली जखम घेऊन पुन्हा त्याच चर्चचं दार ठोठावायचं आहे, त्याला आजही आत चर्चकडूनच पगार घेणारा माणूस भेटतो.